नकाशातला कोरा कोपरा

माझं काम काय आहे हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून विचारलं, "म्हणजे लोक जंगलात हिंडतात, झाडाखाली बसतात, ते बघायचा तुला पगार मिळतो?"

मिळतो, आणि बरा मिळतो. आमच्या छोट्या संस्थेचं कामच ते आहे. शहरात उरलेल्या जंगलांत लोक कुठल्या वाटेने चालतात, कुठे टेकतात, कुठून परत फिरतात, हे आम्ही त्यांच्याच फोनवरून समजून घेतो. ज्यांची तयारी असेल त्यांनी आमचं ॲप फोनमध्ये घ्यायचं आणि नेहमीसारखं फिरायला जायचं. प्रत्येक फेरीची एक रेघ आमच्याकडे येते. अशा असंख्य रेघा एकमेकींवर टाकायच्या, जंगलाचे बारीक चौकोन पाडायचे आणि गर्दीप्रमाणे रंग भरायचा. भरपूर वर्दळ असेल तर गडद नारिंगी, कमी असेल तर फिका. बाक कुठे टाकायचे, दिवा कुठे लावायचा, पाण्याचा नळ कुठे द्यायचा, हे मग त्या रंगावरून ठरतं.

यात एक नियम माझा होता. ज्या चौकोनात पाचापेक्षा कमी माणसं जातात, तो नकाशात कोराच ठेवायचा. याच्यासाठी मी बैठकीत चांगली भांडले होते. एक साहेब म्हणाले, "कमी लोक जातात तीसुद्धा माहितीच आहे ना?" मी म्हटलं, "तुम्ही कधी बाई होऊन एकटे चालला आहात का?" अमुक कोपऱ्यात रोज दुपारी कुणीतरी एकटं असतं, एवढं नकाशाने सांगितलं की झालं. पुढचं काम करायला टपलेले लोक असतातच. शेवटी नियम झाला. शिवाय मूळ रेघा कुलपात ठेवल्या. त्या कुलपाचा पासवर्ड दोन तुकड्यांत केला, अर्धा माझ्याकडे आणि अर्धा माझ्या सहकाऱ्याकडे, म्हणजे एकट्याने कुणालाच काही उघडता येऊ नये. ॲप घेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही वचन दिलं होतं की तुमची एकट्याची रेघ कुणी बघणार नाही.

बाबांनाही तेच वचन दिलं होतं. आई गेल्यावर मी त्यांना पुण्याहून इकडे बंगळूरला आणलं, हेब्बाळच्या पुढे, माझ्या दोन खोल्यांत. घर घेताना मी मुद्दाम जंगलासमोरचं घेतलं होतं. गॅलरीतून जंगलाचं फाटक आणि आतला पहिला बाक दिसतो. बाबा रोज साडेतीनला खाली उतरायचे आणि पाचच्या आत परत येऊन आमच्या दोघांचा चहा टाकायचे. गुरुवार तेवढा सोडून. गुरुवारी त्यांचा उपास, आणि दुपारी रिक्षा करून दत्ताच्या देवळात जायचं.

मी त्यांच्या फोनमध्ये ॲप घातलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आणि मी कुठे कुठे जातो ते तुला दिसणार?"

"नाही बाबा. कुणालाच दिसत नाही. मलासुद्धा नाही."

"मग ठीक आहे," ते म्हणाले.

मी काळजी करणारी मुलगी आहे आणि ती काळजी मला गोडपणे करता येत नाही. बाबांना साखरेचा आजार आहे. इथे आल्यावर एकदा भाजी आणायला गेले आणि साखर उतरून दुकानाच्या पायरीवर घामाघूम होऊन बसून राहिले. दुकानदाराने ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर घरी पोचवलं. तेव्हापासून मी ऑफिसातून सारखे फोन करायचे. जेवलात का, गोळी घेतली का, खिशात साखर आहे का. ते 'हो, हो' म्हणायचे. त्या 'हो'मध्ये किती वैताग होता ते मला कळत होतं, पण कळून मी थांबत नव्हते.

त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. लांबलेली ऑनलाइन बैठक संपली, कानांवरचे हेडफोन काढले आणि घरात फार शांतता आहे असं वाटलं. चहाचा वास नव्हता. स्वयंपाकघरात पातेलं उपडं होतं. गॅलरीत गेले, पहिला बाक रिकामा. फोन लावला तर ओट्याजवळ, चार्जरला लावलेला बाबांचा फोन वाजायला लागला. 

जिना उतरले, रस्ता ओलांडला. फाटकाशी पहारेकरी होता. टोपी घातलेले, काठी घेतलेले आजोबा बाहेर गेले का, असं मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं. तो म्हणाला, आत जाताना बघितलं, बाहेर पडताना नाही. त्याने शिट्टी मारून दुसऱ्या पहारेकऱ्याला बोलावलं आणि मोटारसायकलवरून मोठ्या वाटेने चक्कर मारायला पाठवलं. मी घरी पळाले. म्हटलं, माझ्या पाठीमागे आले असतील. आले नव्हते. कपाटावर त्यांची संध्याकाळची गोळी तशीच होती. परत खाली आले तोवर मोटारसायकलवाला परत आला होता. त्याने मान हलवली.

सूर्य निलगिरीच्या झाडांमागे उतरला होता. साडेसहाला फाटक बंद होतं, आणि आत एकही दिवा नाही, कारण दिवे कुठे लावायचे हे अजून आम्हीच ठरवत होतो. चालायला आलेले लोक एकेक करून बाहेर पडत होते. प्रत्येकाला मी थांबवून विचारत होते. एका बाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि त्या हाताचाच मला राग आला.

"मोठ्या वाटेवर नसतील तर आत कुठेतरी असतील," मी म्हटलं. "आत शोधायला हवं."

पहारेकऱ्याने फाटकाशेजारच्या फलकाकडे बोट दाखवलं. फलकावर आमचाच नकाशा होता. मोठ्या वाटा नारिंगी, तळ्याकाठ गडद नारिंगी. मधेमधे कोरे भाग, बांबूच्या पलीकडे एक, मागच्या भिंतीलगत एक आणि जुन्या दगडाच्या खाणीकडे एक.

"इल्ली यारू होगल्ल, मॅडम," त्या कोऱ्या भागांवरून हात फिरवत तो म्हणाला. इथे कोणी जात नाही.

आणि मी मान डोलावली. नियम माझा, तरी माझंही मन क्षणभर तसंच म्हणालं, की कोरं आहे म्हणजे तिथे कोणी नाही. मग लक्षात आलं. कोरं म्हणजे कोणी जात नाही असं नव्हतं. थोडे जातात, आणि ते थोडे कोण हे मीच झाकून ठेवलं होतं. बाबा नारिंगी वाटेवर नव्हते, म्हणजे त्या तीन कोऱ्या तुकड्यांपैकी एकात होते. तीन तुकडे तीन दिशांना. पहारेकरी दोन, आणि उजेड असेपर्यंत फार तर एका ठिकाणी नीट शोधून होणार.

घरून मी लॅपटॉप उचलून आणला आणि पहारेकऱ्याच्या स्टुलावर ठेवला. सहकाऱ्याला फोन लावला. तो इथलाच, पिढ्यान् पिढ्या बंगळूरमध्ये राहिलेल्या मराठी घरातला. जुन्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान अजून आहे. त्या वेळी तो व्हाइटफील्डहून येताना कॅबमध्ये अडकला होता. मागे हॉर्न ऐकू येत होते.

"तुझा अर्धा पासवर्ड दे," मी म्हटलं. "बाबा सापडत नाहीयेत. मूळ रेघा उघडायच्यात. आज फोन घरीच आहे, पण रोज कुठे जातात ते तरी कळेल."

"अय्यो. अक्का, स्वल्प थांबा. पोलिसांना सांगितलं?"

"सांगते. ते येईपर्यंत अंधार होईल. त्यांची साखर उतरली असेल तर रात्र निघणार नाही."

"त्यांची एकट्याची रेघ काढता येणार नाही?"

"कशी येणार? फोनमध्ये रेघ उरत नाही आणि नावं आपणच ठेवली नाहीत, नुसते क्रमांक आहेत. सगळ्या उघडून त्यातून ओळखावी लागेल."

 हॉर्न वाजत राहिले. मी सूर्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात त्याला वाटेल ते बोलत होते.

"अक्का, त्यात माझीपण रेघ आहे," तो शेवटी म्हणाला.

"मी नाही बघणार."

"तुम्ही बघणार नाही हो. पण दिसेल ना."

 तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा माणूस होता. त्याच्या घरचं पुरणपोळीचं ताट माझ्याकडे यायचं. त्याने जंगलात कुठे जावं याच्याशी माझा काय संबंध? तरीही मी म्हटलं, "माझे बाबा आहेत रे." आवाज फुटला. मला तो फुटायला नको होता.

"सरी, अक्का, ठीक आहे. लिहून घ्या," तो म्हणाला आणि एकेक अक्षर सांगितलं.

कुलूप उघडलं. कोरे भाग भरून गेले. त्या कोपऱ्यांतही रेघा होत्या, बारीक, एकेकट्या. एक रोज भिंतीपर्यंत जाऊन तिथेच खूप वेळ थांबणारी. दोन वेगवेगळ्या वाटांनी येऊन बांबूमागे एकत्र होणाऱ्या. माणसं जे करायला गर्दीपासून दूर जातात ते सगळं मांडीवर मावेल एवढ्या पडद्यावर पसरलं होतं, आणि शेजारून पहारेकरी वाकून बघत होता. मी पडदा माझ्याकडे फिरवला. सहकाऱ्याची रेघ मला ओळखू आली नाही, असं मी त्याला नंतर सांगितलं. ते खरं होतं की नाही हे मी इथेसुद्धा लिहिणार नाही.

बाबांना कसं ओळखायचं? मी फक्त दुपारी साडेतीनच्या सुमाराला सुरू होणाऱ्या रेघा ठेवल्या. त्यातल्या हळू चालीच्या ठेवल्या. तरी पुष्कळ उरल्या. मग गुरुवार आठवला. गुरुवारी कधीच न आलेला माणूस दाखव, असं मी लॅपटॉपला सांगितलं, आणि पडद्यावर एकच माणूस उरला.

एवढं सोपं होतं ते. एक वेळ, एक चाल आणि एक उपास. त्या घाईतही मला आमच्या कुलपाची लाज वाटली.

रेघ फाटकातून निघून पहिल्या बाकाशी थांबत होती, म्हणजे माझ्या गॅलरीतून दिसेल इथवर. मग तळ्याकडे न वळता डावीकडच्या पायवाटेने खाणीच्या दिशेने जात होती. महिनोन् महिने, रोज तिथेच. घरी मात्र ते मला 'तळ्यावर जाऊन आलो' म्हणायचे आणि मी खूश व्हायचे, तळ्याजवळ वर्दळ असते म्हणून.

पहारेकऱ्याला घेऊन मी निघाले. घाणेरीच्या झुडपांतून वाट होती, ओढणी सारखी काट्यांत अडकत होती. ती मी काढून कमरेला बांधली. पहारेकऱ्याच्या हातात बॅटरी होती, तरी अजून पेटवायची वेळ आली नव्हती. मी हाका मारायला तोंड उघडलं तेवढ्यात त्याने हात वर केला.

कुणीतरी बोलत होतं. मराठीत.

"...तूच म्हणायचीस ना, लेकीकडे जाऊन राहू या, हवा चांगली आहे. घे. राहिलो. एकटाच राहिलो. हवा चांगली आहे."

बाबांचा आवाज होता, पण असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरात बाबा मोठ्याने बोलत नसत. आई बोलायची, ते 'हं' म्हणायचे, असा त्यांचा संसार झाला. आता ते खणखणीत आवाजात भांडत होते.

"आणि तुझी पोरगी! जेवलात का, गोळी घेतलीत का, कुठे आहात. मी काय बालवाडीत जातो? मुद्दाम फोन घरी ठेवून आलो आज. म्हटलं, एक दिवस. तर ही शिक्षा. पाय टेकवत नाहीये. आता हिला कळलं की फिरणं बंद होणार माझं. मग तुझ्याशी कुठे बोलू? तिच्या घरात? शेजारच्या खोलीत ती, भिंती अशा पातळ. सांग ना काहीतरी. नेहमी तर एवढं बोलायचीस."

मी उभी राहिले. एक हाक मारली असती तर ते थांबले असते, आणि मला हाक मारवेना. पहारेकऱ्याला मराठी येत नव्हतं, पण तोही उभा राहिला होता.

"फोनवर बोलतायत का?" त्याने हिंदीत हळूच विचारलं.

"फोन घरी आहे," मी म्हटलं.

त्याने बॅटरी जमिनीकडे धरली आणि दुसरीकडे बघितलं. मग मी मागे सरकले, चार पावलं दूर गेले आणि नुकतीच येते आहे अशा आवाजात ओरडले, "बाबा!"

आवाज बंद पडला. थोड्या वेळाने नेहमीचा, घरातला आवाज आला. "इकडे आहे गं."

पाणी मुरवायला खणलेल्या चरात ते पडले होते. टोपी बाजूला, पाय वाकडा झालेला, शर्ट घामाने चिंब. हात थरथरत होते. खिशातली साखर त्यांनी खाल्ली होती, कागद तेवढा मुठीत होता. मी चरात उतरले, त्यांना धरलं आणि रडले. नंतर चिडले, नंतर परत रडले. फोन नेता येत नाही का, असं ओरडले. ते 'हो, हो' म्हणाले. पहारेकऱ्याने जोडीदाराला बोलावलं, दोघांनी मिळून त्यांना उचललं आणि मोटारसायकलपर्यंत नेलं. बाहेर येईस्तोवर पूर्ण काळोख झाला होता. आणखी तासाभरात काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करत नाही.

दवाखान्यात प्लास्टर घालून झालं. मग बाबा म्हणाले, "तिथे कशी आलीस? तिकडे कुणी फिरकत नाही."

खोटं बोलता आलं असतं. पहारेकऱ्याने हाक ऐकली म्हणून सांगायचं, संपलं. पण मला त्यांच्याशी खोटं बोलायचं नव्हतं.

"तुमची रेघ बघितली."

"दिसत नाही म्हणाली होतीस."

"दिसत नाही. मी उघडली."

त्यांनी प्लास्टरकडे बघत विचारलं, "कधीपासूनची?"

"सगळी."

"बरं केलंस," ते म्हणाले. "नाहीतर मेलो असतो." हे ते मनापासून म्हणाले, मला ठाऊक आहे. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी काय काय ऐकलं हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पण त्यांना कळलं होतं.

ॲप घेतलेल्या सगळ्यांना आम्ही कळवलं की एका माणसाच्या जिवासाठी रेघा एकदा उघडल्या होत्या. बऱ्याच लोकांनी समजून घेतलं. काहींनी आपल्या रेघा काढून टाकायला सांगितल्या. त्यात माझा सहकारीही होता. तो अजून शेजारच्याच खुर्चीवर बसतो, अजून अक्का म्हणतो, पण तो काय म्हणेल याचा अंदाज घेऊन मी बोलते, आणि तोही. पुन्हा तशी वेळ आली तर मी काय करीन? हेच करीन. डोळे मिटून उघडीन. एवढं मात्र आता कुणाला सांगणार नाही, की काही दिसत नाही.

प्लास्टर निघालं आणि बाबा परत फिरायला जायला लागले. मी तोंडाला कुलूप घातलं होतं. दिवसाचे फोन बंद केले, कुठे गेला होतात हे विचारणं बंद केलं. एकदा जेवताना म्हणालेसुद्धा, "खाणीकडे जायचं असेल तर जा बाबा. फोन तेवढा न्या. मी बघणार नाही, शपथ." त्यांनी भात कालवला आणि म्हणाले, "नाही गं. तिकडे काय आहे? उगाच काटे."

आता ते साडेतीनला उतरतात, फोन शर्टाच्या वरच्या खिशात, अर्धा बाहेर दिसेल असा ठेवतात. फाटकातून आत जातात आणि पहिल्या बाकावर बसतात. तिथे नेहमी कोणी ना कोणी असतंच. मी घरी असले की ते गॅलरीकडे बघून हात वर करतात, दिसतोय ना असं विचारल्यासारखा. मीही हात वर करते. ते तोंड मिटून तासभर बसतात, मग चहा टाकायला वर येतात.

परवा फाटकाशी नवा फलक लागला. या वर्षीचा नकाशा, आमचाच. पहिला बाक गडद नारिंगी झालाय, तळं होतं तसं आहे आणि खाणीकडचा कोपरा मागच्या वेळेसारखाच कोरा. फलकासमोर नवीन राहायला आलेलं एक जोडपं उभं होतं. नवऱ्याने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून पहारेकऱ्याला विचारलं, इकडे काय आहे?

पहारेकऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मग त्यांना सांगितलं, "इल्ली यारू होगल्ल."

आता ते खरं होतं.